मऊ पडलेली मूठ

पक्कडीच्या लाल मुठीवर रितूच्या खालच्या दोन दातांची खूण उमटली होती आणि ती काही केल्या जात नव्हती. मेघानं पक्कड पोरीच्या हातातून ओढून घेतली तसं तिनं भोकाड पसरलं, पण मेघाचं तिकडे लक्ष नव्हतं. आधी तिनं सवयीनं पोरीच्या तोंडात बोट फिरवलं, काही तुटून आत गेलंय का पाहिलं, तोंडाशी नाक नेऊन वास घेतला, ओढणीच्या टोकानं हिरड्या पुसल्या. आत काही नव्हतं. मग तिची नजर मुठीवर गेली. शेजारी शेजारी दोन खाचा, तांदळाच्या कणीएवढ्या. दहा महिन्यांची पोर; बिस्किटसुद्धा अर्धा तास लाळेत भिजवते तेव्हा कुठं तिच्यानं तुटतं. त्या दातांची खूण रबरावर पडावी कशी? मेघानं अंगठ्याचं नख दाबलं. नख रुतलं. काढलं तरी कोर तशीच राहिली. तिला आधी भीती वाटली नाही. आधी वाटलं ते नुसतं नवल, कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीतला रंग अचानक बदलला की वाटायचं तसं, आणि त्या दोनचार क्षणांची तिला पुढं दिवसभर लाज वाटत राहिली.

कारण मग रविवार आठवला. तिच्या डोक्यात सदा एक यादी चालू असते: प्लगची भोकं, बादलीतलं पाणी, फुटाण्याचा दाणा, खिडकीची कडी, आणि त्या यादीत प्रेमानंदची दाराशी टेकवलेली अवजारांची पिशवी फार वरच्या नंबरावर होती. प्रेमानंद वायरमन. त्याची अवजारं कुठं कुठं जातात, गच्चीवरच्या कबुतरांच्या घाणीत, तळघरातल्या गटाराशेजारी, दवाखान्यांच्या छतांत, आणि संध्याकाळी तोच काळा चिकट थर घेऊन इंदोऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात येतात, जिथं आता एक जीव जमिनीवर रांगतो आणि दिसेल ते तोंडात घालतो. तिनं दहादा सांगितलं होतं. तो हसायचा. रविवारी तो कामठीला मित्राच्या लग्नाला गेला तेव्हा तिनं पिशवी उलटी केली. खाली राहणारा पियूष मालाचा टेम्पो चालवतो. त्याच्याकडून बाटलीभर डिझेल मागून आणलं, रंगाच्या रिकाम्या डब्यात ओतलं आणि दोन्ही पक्कडी, कामाची आणि घरातली जुनी, कटर, दोन पाने सगळं त्यात बुडवून झाकण ठेवलं. रात्रभर. सकाळी साबणानं घासून, पुसून वर्तमानपत्रावर मांडलं तेव्हा ते लोखंड असं चमकत होतं की तिलाच पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटलं. "बाप्पा! नवे आणले का?" प्रेमानंद म्हणाला होता. "धुतले," ती म्हणाली. कशानं ते त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. कौतुकात कोण तपशील सांगतं. रबर तेलात फुगतं. हे तिला ठाऊक होतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला तिनं ते कारणासकट लिहिलं होतं, आकृती काढून. पण ते रबर पुस्तकातलं होतं, आणि हे नवऱ्याच्या पिशवीतलं.

रुपराव खिडकीशी पेपर वाचत बसले होते. तिचे सासरे, खाप्याकडच्या खाणीत बत्तीस वर्षं फिटर होते. रविवारी ते लेकीकडे खाप्यालाच गेले होते, परवा परतले. अवजारांच्या बाबतीत या घरात देवधर्म नाही. विजयादशमीला इतर घरी हत्यारांना हळदकुंकू लागतं, तेव्हा रुपराव पहाटे उठून एकेक पाना कोरड्या फडक्यानं पुसतात, सांध्यात मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडतात, हात धुतात आणि पांढरा सदरा घालून दीक्षाभूमीला निघतात. आणि ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. पोराच्या पिशवीलाही ते स्वतः हात लावत नाहीत. प्रेमानंदची अवजारं प्रेमानंदनंच पुसायची. मेघाला हे ठाऊक होतं. पण तिला तो फक्त म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटला होता.

"मामाजी, हे पाहा ना जरा."

"काय झालं वं?"

"रितूनं चावली. खूण पडली."

"मंग पोट्टीचे दात मजबूत हायेत," ते हसले आणि पक्कड हातात घेतली. मेघाला वाटलं ते मूठ पाहतील. त्यांनी मूठ पाहिलीच नाही. पक्कड मिटून उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटून जबड्यातून पाहिलं. मग एक मूठ धरून दुसरी सोडून दिली. ती खळकन खाली पडली. "सांधा मोकळा पडला याचा. तेल कोणं काढलं?"

तिच्या तोंडातून निघाला तो प्रश्नच. "तेल गेलं हे कसं कळलं?"

"चांगली पक्कड अशी धपकन पडत नाई. हळू हळू येते, झोप आलेल्या माणसाच्या मानेवानी. दुकानात घेतानाच पाहाव लागते. मिटवली की टोकं एकमेकाले लागले पाह्यजेत, अन् कटरच्या पात्यातून उजेड दिसला नाई पाह्यजे. लोक रंग पाहून घेतात." त्यांना बोलायला आवडत होतं. तिलाही, खरं तर, ऐकायला. त्या भयाच्या आतसुद्धा तिचं मन ती पात्याची फट शोधत होतं. मग त्यांचा अंगठा मुठीवर आला आणि थांबला. त्यांनी मूठ नाकाशी नेली.

"डिझेल."

"हो."

"तू टाकली?"

"दोन्ही. रात्रभर."

रुपरावांनी मूठ अंगठ्यानं पुन्हा दाबून पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे जुनी हाय, घरातली. याच्यावरचं रबर शॉकसाठी नसतेच, हात दुखू नये म्हून असते. त्याच्यावर छापलेली खूण पाह्य, काई नाई. दुसरीवर दोन तिकोन हायेत एकात एक, अन् हजार व्होल्ट लिहून हाय. ते चालू लाइनवर वापराची. तिचं रबर ढिलं झालं, सरकलं, तर हात जाते सरळ लोखंडावर." मग त्यांनी विचारलं, "कुठं हाय ते?"

"त्यांच्याजवळ."

"फोन लाव."

तिनं दोनदा लावला. दोन्ही वेळा पूर्ण वाजून बंद झाला. काम करताना तो फोन डब्याच्या पिशवीत ठेवतो, हे तिलाच आवडायचं; लक्ष इकडे तिकडे जाऊ नये म्हणून तिनंच ते सांगितलं होतं. रामदासपेठेतली एक जुनी इमारत, जिन्यामागं मीटर आणि पॅनल. तळमजल्यावर रक्त तपासायचं दुकान आहे, त्यांचे फ्रिज बंद ठेवता येत नाहीत, म्हणून अर्धं पॅनल चालू ठेवूनच काम करावं लागून राहिलं आहे, असं तो सोमवारी जेवताना म्हणाला होता, आणि वरण छान झालं आहे असंही.

"तू जाय," रुपराव म्हणाले. "पोट्टी मी पाहतो."

"फुटाणे देऊ नका. पलंगावर एकटी ठेवू नका. पाणी उकळलेलं त्या स्टीलच्या—"

"प्रेमानंदले कोणं वाढवलं वं? जगला ना तो?"

ऑटोत बसल्यावर तिला प्रथम जाणवली ती मांडी. दहा महिन्यांत ती रितूशिवाय कुठंच गेली नव्हती, आणि आज मांडी रिकामी होती आणि त्या रिकाम्या जागी ओढणीत गुंडाळलेली पक्कड. मांडी त्या पक्कडीला आपोआप हलवत होती, पोरीला झोपवावं तशी. मेघानं ओढणी सोडली. तिनं ही वस्तू चार वर्षं घरात पाहिली होती, गॅसचा नट आवळताना, अडकलेली कडी ओढताना, आणि एकदाही नीट पाहिली नव्हती. टोकाशी सपाट जबडा, बारीक आडव्या रेघांचा, कपाळावर आठ्या असाव्यात तसा. त्यामागं एक गोलसर पोकळी, तिला मोठे दात. ती कशासाठी असेल, काहीतरी गोल धरायला, नळी, नटाचं डोकं. मग पाती, सांध्याला अगदी चिकटून. पाती इतकी आत का? टोकाला असती तर दिसलं तरी असतं काय कापतोय ते. तिनं मिटून उघडून पाहिलं आणि कळलं: सांध्याजवळच जोर जास्त, दाराच्या फटीत बिजागरीपाशी सुपारी फोडतात तसा. पाती सरळ भिडत नव्हती. मधोमध एक अर्धगोल खाच होती, कुणीतरी कधीतरी या पक्कडीनं कठीण तार कापली असणार, तांबं कापायच्या पात्यानं पोलाद. कोण तो? प्रेमानंद तसं करणार नाही. तो कसं कापतो ते तिला ठाऊक होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत धूर ओढणारा पंखा बंद पडला होता तेव्हा तो आला होता, आणि ती तिसऱ्या वर्षाची पोरगी प्रयोग सोडून त्याच्या हाताकडे पाहत उभी राहिली होती. तारेभोवती त्यानं पाती नुसती टेकवली, अर्धा वळसा दिला आणि ओढलं. वरचं कवच निघून आलं, उकडलेल्या शेंगेतून दाणा यावा तसं, आणि आतलं तांबं अखंड. "तांबं कापलं कसं जात नाही?" तिनं विचारलं होतं. "हाताले समजते मॅडम," तो म्हणाला होता. ती मॅडम नव्हती, हे सांगण्यात पुढचे पंधरा दिवस गेले.

हाताला समजतं. मग आता त्याच्या हाताला काय समजत असेल? चार दिवस. सोमवार, मंगळवार, बुधवार, आज. तिनं दोन्ही हातांनी मूठ धरून पिळली, आणि रबर फिरलं. लोखंड तसंच राहून रबर त्याच्याभोवती फिरलं, सैल अंगठीसारखं. आणखी जोर दिला तर बोटभर खाली घसरलं आणि आतून ओलसर, तेलकट, चमकणारं लोखंड बाहेर आलं. तिच्या तळव्याला ते गार लागलं. इतकं सहज. तिनं घाईघाईनं ते वर ढकललं, जणू कुणी पाहत होतं, आणि पाहत होतंच.

"ताई, ऑटोचं काई खोलू नका," ऑटोवाला आरशातून म्हणाला.

"नाही भाऊ. जरा लवकर घ्या."

"सिग्नल काई माह्या घरचा नोय."

तिनं डोळे मिटले तर पॅनल दिसायचं, उघडले तर मेट्रोचे खांब एकामागून एक. पोरीला विजेपासून वाचवायला तिनं घरातल्या प्रत्येक प्लगला टोपण लावलं होतं. आणि तिथं, त्या जिन्यामागच्या अंधाऱ्या खोलीत, तिनं स्वतःच्या हातानं एक टोपण काढून ठेवलं होतं. यात तिला सगळ्यात विचित्र हे वाटत होतं की ते काढताना तिला फार बरं वाटलं होतं. घासताना ती गुणगुणत होती. मग तिची बाकीची काळजीही अशीच असेल का? ती पोरीची खेळणी उकळते, तीही कधीतरी मऊ पडतील का, काहीतरी सुटून पाण्यात उतरत असेल का, ज्याचं नाव तिनं परीक्षेत लिहिलं असेल आणि भांड्यात ओळखलं नसेल? आणि या सगळ्याच्या खाली, निर्लज्जासारखा, एक प्रश्न चालूच होता: दोन थरांचं रबर असेल तर डिझेल आधी कुठून शिरलं असेल, बाहेरून की टोकाच्या फटीतून?

इमारतीच्या जिन्यापाशी सौरव स्टुलावर बसून होता, प्रेमानंदचा जोडीदार, हातात टॉर्च. "जयभीम वहिनी! काय, डबा विसरला का यानं?"

"ते कुठं आहेत?"

"आतमधी."

"बोलवा ना."

"आता नाई बोलावता येत," सौरव आवाज खाली आणून म्हणाला. "हात आत हायेत त्याचे. आवाज दिला तर दचकते माणूस. थांबा तिकडं."

मग ती दाराशी उभी राहिली. दिवसभर ओरडणारी ती, रितू नको, रितू सोड, रितू छी. आणि आता तिच्या घशात एक शब्द तयार होता आणि तो गिळायचा होता. प्रेमानंदची पाठ दिसत होती. पायाखाली काळी रबरी चटई, तेवढी तरी जाड. डाव्या हातात हातमोजा होता, उजव्यात नव्हता. बारीक काम हातमोज्यानं होत नाही असं तो म्हणतो. त्यानं पान्यानं एक नट सोडवला, पाना स्वतःकडे ओढत, हळू, ढकलला नाही. निसटला तर हात पॅनलमध्ये जाऊ नये म्हणून, तिला वाटलं, आणि न विचारता कळल्याचा क्षणभर आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाचा राग आला. मग पक्कड. लाल मूठ. त्यानं तार धरली, दाबली, आणि थांबला. हात बाहेर काढला. उजवी मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली, पँटला पुसली. बोटांकडे पाहिलं, ती दुसऱ्या कुणाची असावीत तसं. मग पक्कड अगदी शेवटाला धरून पुन्हा आत गेला. एक तार वाकली, एक कापली गेली, टक. दुसरी. टक. कुठंतरी तळमजल्यावर फ्रिजची मोटार घुरघुरत होती. तिनं मोजायला सुरुवात केली आणि काय मोजतेय ते विसरली. शेवटी त्यानं दोन्ही हात बाहेर काढले, एक पाऊल मागं सरकला, वळला आणि ती दिसली.

"रितू?" तो म्हणाला.

"बरी आहे. मामाजींजवळ आहे. ती पक्कड द्या आधी."

"काहून?"

"द्या ना."

तिनं ती घेतली आणि ऑटोत पिळली तशी पिळली. याही मुठीवरचं रबर फिरलं. दोन त्रिकोण होते तिथंच, हजारचा आकडाही होता, ठसठशीत, खोटं बोलणाऱ्या माणसाच्या ओळखपत्रासारखा. "रविवारी मी हे डिझेलमध्ये टाकलं होतं," ती म्हणाली. "रात्रभर. घाण निघावी म्हणून. रबर फुगलंय. मला माहीत असायला पाहिजे होतं. माहीत होतंच." आणि वाट पाहू लागली. तो ओरडला असता तर तिला उभं राहायला काहीतरी आधार मिळाला असता.

"अरे बाप्पा वहिनी, मारता का आमाले!" सौरव मागून म्हणाला, अर्धा हसत, अर्धा नाही.

प्रेमानंदनं त्याचं ऐकलं नव्हतं. तिच्या हातातून पक्कड घेऊन त्यानं रबर खाली ओढलं, आणि ते सगळंच निघून आलं, मोज्यासारखं. तो त्या रिकाम्या लाल नळीकडे पाहत राहिला.

"म्हणजे हे सरकून राहिलं होतं?"

"हो."

"पक्कड?"

"हो, तेच सांगते आहे ना—"

"माहा हात नाई?"

तिला कळलं नाही. तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग खालच्या आवाजात, सौरवकडे न पाहता, सांगायला लागला की सोमवारपासून पकड बसत नव्हती. दाबतो आहे असं वाटायचं आणि तार सुटायची. आधी वाटलं घाम. मग पावडर लावली. मग रोज सकाळी आंघोळीच्या गरम पाण्यात मनगट धरून बसला. कामावर एक जुना वायरमन होता, त्याच्या हाताची अशीच ताकद गेली, करंगळीपासून सुरू झाली, आता तो पार्किंगच्या चिठ्ठ्या फाडतो. "शनिवारचा नंबर लावला," तो म्हणाला, "इथंच समोर, नसांच्या डॉक्टरकडे. तुले काय सांगू? तू झोपली नसती."

मेघाला ते चार दिवस उलगडायला लागले, एकेक करून. रितूला तो डाव्या हातानं उचलत होता. मंगळवारी ताटातला भात तसाच राहिला तर ती म्हणाली होती, भाजी आवडली नाही का. बाटलीचं झाकण उघडायला त्यानं तिच्याकडे दिलं होतं आणि तिनं उघडून दिलं होतं, बोलता बोलता, नजर पोरीवर ठेवून. तिच्या डोळ्यांनी घरातला फुटाण्याचा एक दाणा सुटत नव्हता. आणि हा हात रोज तिच्यासमोर जेवत होता.

"मग तेव्हाच थांबायचं ना," ती म्हणाली. "हात चालत नाही असं वाटलं तर चालू लाइनवर कशाला जायचं?"

"काम होतं," तो म्हणाला, आणि मग, ते उत्तर त्यालाच पुरेसं वाटलं नसावं, "चुकलंच." त्यानं खिशातून चाकू काढला, दुसऱ्या मुठीवरचं रबर उभं चिरलं आणि सोलून फेकलं, म्हणजे कुणी चुकून चांगली समजून उचलू नये. तिच्या हातातली जुनी पक्कड घेऊन तिचंही. मग पॅनलचं दार लावून कुलूप घातलं. "सौरव, आज बंद. नवीन आणू लकडगंजातून, मंग पाहू."

"चहा तरी पाजा वहिनी," सौरव म्हणाला, "जीव वाचला ना आमचा."

प्रेमानंद पायरीवरच बसून होता. उजवी मूठ उघडत होता, मिटत होता. चेहरा अजून पुरता विश्वास बसला नसल्यासारखा. मग म्हणाला, "हात दे."

तिनं दिला. त्यानं तिचा पंजा आपल्या उजव्या हातात धरला आणि दाबला, आधी अंदाज घेत, मग जोरानं. तिची हाडं एकमेकांवर आली.

"दुखलं?"

"हो."

"खरं सांग. मले बरं वाटाव म्हून नको सांगू."

"खरंच दुखलं. सोडा आता."

त्यानं सोडला नाही. तिनंही ओढून घेतला नाही; दुखत असतानाच ती लक्ष देऊन एकेक बोट ओळखत होती, अंगठा, तर्जनी, मधलं, त्याच्या शेजारचं. सगळी दाबत होती. करंगळीसुद्धा.